काटा उशिरा हलतो, मोजणी लवकर थांबवू नका

प्रति,
संशोधन निधी समितीचे सन्माननीय सदस्य,

स.न.वि.वि.

आहारामुळे येणाऱ्या लठ्ठपणात शरीरातली प्रथिने कशी बदलतात, या विषयावरच्या प्रकल्पांसाठी आपण नुकतंच परिपत्रक काढलं. त्यातल्या अटी थोडक्यात अशा: उंदरांना मेदयुक्त खाद्य सुरू केल्यावर मोजणी एकदाच, बाराव्या आठवड्याच्या शेवटी. वजन उतरल्यावर काय होतं, तो टप्पा मंजूर नाही. कंट्रोल गटासाठी (म्हणजे मेदयुक्त खाद्य न देता तुलनेला ठेवलेल्या उंदरांसाठी) वेगळं खाद्य घ्यायचं नाही, प्राणिगृहात रोज घालतात तेच चालवायचं. जमेल तिथे प्रथिनांऐवजी आरएनए (प्रथिन बनवण्यासाठी जनुकाकडून निघणारा निरोप) मोजायचा, कारण तो ‘स्वस्त आणि समतुल्य’. उंदीर फक्त नर, आणि एका गटात तीन.

या अटींवर आम्ही रीतसर लेखी हरकत घेतली. उत्तर एका ओळीचं आलं: नोंद घेण्यात आली आहे. ती कोणी घेतली, वाचली का, पुढे काय झालं, हे विचारायला त्या ओळीत जागा नव्हती. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. पैसा लोकांचा आहे आणि आजारही लोकांचाच आहे, तेव्हा लोकांनीही वाचावं.

मी प्रकल्पप्रमुख नाही. शोधनिबंधावर माझं नाव आलंच तर मधे कुठेतरी येतं. उंदरांची वजनं घेणं, चरबी आणि यकृत काढून गोठवणं, त्यातली प्रथिने वेगळी करणं, ट्रिप्सिन घालून त्यांचे तुकडे करणं आणि ते मास स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे तुकडे वजनावरून ओळखणाऱ्या यंत्राला, लावणं हे माझं काम. त्यामुळे परिपत्रकातली प्रत्येक ओळ शेवटी माझ्याच टेबलावर येऊन पडणार आहे.

दुसरं कारण जास्त जवळचं आहे. मी स्वतः जाड आहे, लहानपणापासून. ‘कमी खा, जास्त चाल’ हा सल्ला मला ओळखीच्यांनी दिला, अनोळखी लोकांनी दिला, दाढ दुखते म्हणून गेले तेव्हा दातांच्या डॉक्टरांनीही दिला. सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. मी वजन उतरवून पाहिलं आहे आणि ते व्याजासकट परत आलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये जगातल्या दर आठ माणसांमागे एक लठ्ठ होता, आणि १९९० पासून प्रौढांमधलं हे प्रमाण दुपटीहून वाढलं. एवढ्या सगळ्या माणसांची जीभ एकाच पिढीत सुटली, असं मानणं मला जड जातं. खाणं बदललं हे खरंच. पण त्या खाण्याने शरीराच्या आत नेमकं काय बदलतं आणि ते का टिकून राहतं, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर बरंचसं प्रथिनांत आहे.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. चरबी ही नुसती साठवण, असा समज फार काळ होता. १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारं प्रथिन जास्त सापडलं आणि इन्सुलिनचं काम बिघडण्याशी त्याचा संबंध दिसला. पुढच्याच वर्षी जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिनचं जनुक शोधलं. चरबीतून निघून मेंदूला ‘साठा पुरेसा आहे’ असं कळवणारं हे प्रथिन. लठ्ठ माणसाच्या रक्तात ते कमी असेल असं वाटलं होतं, निघालं उलटंच: बहुतेकांत ते भरपूर असतं, मेंदू दाद देत नाही. अ‍ॅडिपोनेक्टिनची गंमत तर आणखी वेगळी. ते चरबीतच तयार होतं आणि चरबी वाढली की घटतं. यातलं काहीही वजनकाट्यावर दिसत नाही. प्रथिने मोजली तरच दिसतं.

आता तक्रारी.

पहिली, एकाच मोजणीची. बारा आठवडे मेदयुक्त खाद्य खाल्लेला उंदीर आणि साधं खाल्लेला उंदीर शेजारी ठेवले तर शेकडो प्रथिने वेगळी दिसतील. दिसणारच. एकाचं वजन दुसऱ्याच्या दीडपट असतं, यकृतात चरबी साठलेली असते, इन्सुलिन वाढलेलं असतं. त्या शेकडोंतलं कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे त्या दिवशी कोणीही सांगू शकत नाही. मिटलेल्या भांडणाच्या घरात शिरून आधी कोण ओरडलं ते ओळखायला सांगावं, तसं हे आहे.

आणि सुरुवात फार लवकर होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात दिसलं की मेदयुक्त खाद्य सुरू केल्यापासून एक ते तीन दिवसांतच भूक सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमसमध्ये दाहाच्या खुणा वाढतात. वजन तेव्हा म्हणावं असं वाढलेलं नसतं. पुढची गोष्ट आमच्या मुद्द्याची आहे: त्या खुणा मधे ओसरतात आणि खाद्य तसंच चालू ठेवलं तर परत येऊन मुक्काम ठोकतात. तिसऱ्या दिवशी मोजा, दाह आहे. मधल्या काळात मोजा, फारसा नाही. शेवटी मोजा, आहे. फक्त शेवटची मोजणी ठेवली तर शरीराने मधे स्वतःला सावरायचा प्रयत्न केला होता, हे कळणारच नाही. आणि औषध शोधणाऱ्याला कामाचा तोच काळ आहे. यकृताचंही तसंच. रॅटना, म्हणजे प्रयोगातल्या मोठ्या जातीच्या उंदरांना, तीन दिवस जास्त मेद खायला घातला की यकृत इन्सुलिनला नीट जुमानत नाही, अंगावर फारसं काही दिसायच्या आधीच.

उशिराच्या मोजणीत आणखी एक अडचण असते, ती कागदावर दिसत नाही. लठ्ठपणा वाढला की चरबीच्या ऊतीत मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी मोठ्या संख्येने शिरतात आणि मेलेल्या मेदपेशींभोवती कडं करून बसतात. बाराव्या आठवड्याला मी जो तुकडा कापते तो निव्वळ मेदपेशींचा नसतोच. त्यात एखादं प्रथिन वाढलेलं दिसलं, तर मेदपेशीने ते जास्त बनवलं की नव्याने आलेल्या पेशी ते बरोबर घेऊन आल्या? आठवड्या-आठवड्यांचे नमुने असतील तर निदान क्रम तरी लावता येतो. एकट्या नमुन्यावर नुसता तर्क चालतो, आणि तो शोधनिबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात ‘शक्यता’ म्हणून छापला जातो.

दुसरी तक्रार कंट्रोलच्या खाद्याची. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण परिपत्रकात या अटीला अर्धी ओळ मिळाली आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान तिचंच आहे.

आम्ही जे मेदयुक्त खाद्य वापरतो त्यात ६० टक्के ऊर्जा मेदातून येते. एका ग्रॅममध्ये साधारण ५.२४ किलोकॅलरी. ते शुद्ध घटक मोजून-मापून बनवलेलं असतं: दुधातलं केसिन, साखर, स्टार्चपासूनचं माल्टोडेक्स्ट्रिन, सेल्युलोज, डुकराची चरबी, थोडं सोयाबीन तेल, ठरलेली जीवनसत्त्वं. गोळ्या मऊ असतात, बोटाला तुपकट लागतात, उबेला ठेवल्या तर खवट होतात, म्हणून फ्रीजमध्ये ठेवून दर थोड्या दिवसांनी बदलाव्या लागतात. काही उंदीर खातात कमी आणि कुरतडून भुगाच जास्त पाडतात. तो पिंजऱ्याच्या तळाशी भुश्शात मिसळतो, आणि गाळून वजन केला नाही तर उंदराने न खाल्लेलं अन्न त्याच्या नावावर चढतं. आठवड्याभरात त्यांची लव अशी तेलकट होते की कुठला पिंजरा कुठल्या गटाचा हे दारातून कळतं. (म्हणूनच ऊती काढल्यावर नळ्यांना सांकेतिक क्रमांक दुसरंच कोणी देतं. मला गट माहीत नसलेला बरा.)

याच्या जोडीचं कंट्रोल खाद्य त्याच घटकांचं असतं. फक्त मेदाची ऊर्जा १० टक्के, एका ग्रॅममध्ये साधारण ३.८५ किलोकॅलरी. प्राणिगृहातलं रोजचं खाद्य ही वेगळीच चीज आहे. ते धान्य, सोयापेंड, अल्फाल्फा असल्या जिनसांपासून होतं आणि एका खेपेचं दुसऱ्या खेपेशी तंतोतंत जुळत नाही. सोयाबीनमधून त्यात इस्ट्रोजेनसारखे वागणारे पदार्थ येतात. तंतू वेगळ्या प्रकारचे आणि भरपूर असतात, त्यामुळे आतड्यातले जिवाणू बदलतात. वनस्पतींतली संयुगं यकृतातली, परक्या रसायनांचा निचरा करणारी सायटोक्रोम पी४५० गटातली प्रथिने वरखाली करतात. आता एका गटाला हे आणि दुसऱ्याला ते खाद्य घालून यकृताची प्रथिने मोजली, तर जो फरक दिसेल तो कशाचा? मेदाचा, तंतूंचा, सोयाबीनचा, की सगळ्याचा मिळून? यादी तर सुबक येईल. वर ‘लठ्ठपणाशी निगडित प्रथिने’ असा मथळाही येईल. त्यातली किती लठ्ठपणाची आणि किती सोयापेंडीची, हे यंत्र सांगत नाही. यंत्राने सांगावं अशी अपेक्षाही नाही, ते प्रयोग आखणाऱ्याचं काम.

बाब किती नाजूक आहे पाहा. शुद्ध घटकांच्या कमी मेदाच्या खाद्यातही दोन प्रकार प्रचलित आहेत. एकात साखरेतून ३५ टक्के ऊर्जा येते, दुसऱ्यात मेदयुक्त खाद्याइतकीच, म्हणजे सुमारे ७ टक्के. साखर जास्त मिळाली की यकृत नवी चरबी बनवायला लागतं आणि फॅटी अ‍ॅसिड सिंथेझसारखी प्रथिने वाढतात. तेव्हा पहिला प्रकार कंट्रोल म्हणून घेतला तर मेदयुक्त गटात हे प्रथिन ‘घटलं’ असं लिहिलं जातं, आणि खरं तर कंट्रोलमध्येच ते साखरेने चढलेलं असतं. कमी मेदाची दोन खाद्यं एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत, आणि समिती सांगते की रोजचं खाद्य चालेल.

खाद्यात वाचलेला पैसा कुठे जातो, हेही सांगते. पुढे तो मास स्पेक्ट्रोमीटरवर जातो. सदोष तुलनेच्या नमुन्यांना यंत्राचा वेळ तेवढाच लागतो.

तिसरी तक्रार ‘समतुल्य’ या विशेषणावर. आरएनए मोजणं वाईट नाही. आम्हीही मोजतो. पण त्याने प्रथिनांची जागा भरत नाही. २०११ मध्ये उंदराच्या पेशींवर केलेल्या एका मोठ्या मोजणीत असं निघालं की प्रथिनांच्या प्रमाणातला जेमतेम ४० टक्के फरक आरएनएच्या प्रमाणावरून समजावता येतो. तिथे आरएनएचं अर्धायुष्य, म्हणजे प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, साधारण ९ तास होतं आणि प्रथिनांचं ४६ तास. पेशीत निरोप येऊन विरून गेलेला असतो, प्रथिन मात्र काम करत राहतं. कधी याच्या उलटंही होतं.

लठ्ठपणात तर ही तफावत जागोजागी भेटते. मेदाच्या थेंबावर बसणारं पेरिलिपिन-२ घ्या. थेंबाला चिकटलं तर टिकतं, मोकळं राहिलं तर पेशी त्याचा निकाल लावते. म्हणजे ते किती आहे हे किती बनलं यापेक्षा किती मेद साठला यावर ठरतं. अ‍ॅडिपोनेक्टिन रक्तात तीन-तीनच्या, सहा-सहाच्या आणि त्याहून मोठ्या जुडग्यांत फिरतं आणि इन्सुलिनच्या संवेदनशीलतेशी जास्त नातं मोठ्या जुडग्यांचं दिसतं. आरएनएला जुडग्यांची काहीच खबर नसते. आणि इन्सुलिनचा सगळा निरोप पेशीच्या आत फॉस्फेट चिकटवून आणि काढून पोचवला जातो. एकेटी या प्रथिनावर ठरलेल्या जागी फॉस्फेट बसला की साखर आत घेण्याचं काम पुढे सरकतं. प्रथिन तेवढंच, आरएनए तेवढाच, आणि काम चालू किंवा बंद. लठ्ठपणात बिघडतं ते बऱ्याच अंशी इथे. हे बदल मिनिटांत होतात. म्हणून उंदराचा प्राण गेल्यापासून तुकडा उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये पडेपर्यंत मी कोणाशी बोलत नाही. त्या धावपळीला ‘आरएनए समतुल्य’ म्हटलेलं वाचणं, खरं सांगते, मनाला लागलं.

प्रथिने मोजणं अवघड आहे, महाग आहे, हे मला सांगायला नको. चरबीच्या ऊतीत तर जास्तच. मेदपेशीचा बहुतेक सगळा आकार एकाच मेदाच्या थेंबाने व्यापलेला असतो. तुकडा वाटून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला की वर पिवळसर मेदाचा थर तरंगतो, खाली गाळ बसतो, आणि मधल्या गढूळ द्रवात आम्हाला हवं ते असतं. पिपेटचं टोक त्या थरातून खाली नेताना जरा हात हलला तरी मेद बरोबर येतो आणि पुढे यंत्राची नळी तुंबते. रक्तात वेगळं दुखणं आहे: एकूण प्रथिनांपैकी निम्मा भाग एकट्या अल्ब्युमिनचा, आणि भरपूर असलेल्या प्रथिनांत आणि दुर्मीळ प्रथिनांत दहा अब्ज पटींहून जास्त अंतर. काम कठीण आहे म्हणून शिकलेली माणसं लागतात, वेळ लागतो. कठीण आहे म्हणून सोपं काहीतरी मोजून तेच समजा, हा मार्ग नव्हे.

चौथी तक्रार थोडक्यात. फक्त नर का? प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या सी५७ ब्लॅक ६ जातीच्या माद्या मेदयुक्त खाद्यावर नरांपेक्षा हळू जाड होतात, हे सगळ्यांना माहीत आहे. याच कारणासाठी त्यांना वगळलं जातं. मला तर वाटतं की याच कारणासाठी त्यांना घ्यायला हवं: तेच खाद्य, तोच पिंजरा, आणि तरी अंगाला कमी लागतं, तर त्यांच्या प्रथिनांत काय वेगळं चाललंय? ‘माद्यांच्या ऋतुचक्रामुळे आकडे फार हेलकावतात’ हे कारणही २०१४ मध्ये निकालात निघालं. शेकडो शोधनिबंधांतली मोजमापं एकत्र पाहिली तेव्हा माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त हेलकावत नव्हते. लठ्ठ माणसांत बायका कमी नाहीत, हे वेगळं सांगायची वेळ येऊ नये.

आणि गटात तीन? एका फेरीत पाच हजार प्रथिने मोजली आणि नेहमीची ०.०५ ची रेघ लावली (म्हणजे निव्वळ योगायोगाने फरक दिसण्याची पाच टक्के शक्यता चालवून घेतली), तर काहीही फरक नसताना सुमारे अडीचशे प्रथिने ‘बदललेली’ दिसतात. ती चाळणी कडक केली की तीन उंदरांत खरे फरकही गळून पडतात. शिवाय एका पिंजऱ्यातले उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यांचे जिवाणू सारखे होतात. तिघे एकाच पिंजऱ्यात असतील तर तो खऱ्या अर्थाने एकच नमुना.

परिपत्रकात ‘प्राण्यांचा वापर कमी करणे’ हे कारण दिलं आहे. ते मी हलक्यात घेत नाही. ज्यांचा जीव मी माझ्या हाताने घेते त्यांच्याबद्दल मला कोणी शिकवायला नको. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी प्राणी वगळता येतील तिथे वगळा, कमी वापरा, त्रास कमी करा असं मांडलं. पण कमी वापरा याचा अर्थ उत्तर मिळायला जितके लागतात तितकेच, त्याहून एकही जास्त नाही. उत्तर मिळणारच नाही इतके कमी घेतले तर घेतलेले सगळे वाया गेले. काटकसर करायचीच असेल तर एकाच उंदराच्या चरबीचे वेगवेगळे साठे, यकृत, स्नायू, हायपोथॅलॅमस, रक्त सगळं नीट गोठवून इतर संशोधन गटांना उपलब्ध करून देऊ. आज त्यातलं बरंचसं टाकून दिलं जातं, कारण उणे ८० अंशांच्या फ्रीझरच्या देखभालीला खर्चाचं वेगळं शीर्षक नाही.

शेवटची तक्रार वजन उतरण्याच्या टप्प्याची. मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती मांडताना मला तटस्थ राहता येत नाही.

लठ्ठ उंदरांना पुन्हा कमी मेदाचं खाद्य दिलं की काही आठवड्यांत वजन बरंच खाली येतं. मग प्रश्न येतो: कुठली प्रथिने मूळ पातळीवर आली आणि कुठली नाही आली? २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात माणसांच्या आणि उंदरांच्या मेदपेशींत वजन उतरल्यावरही लठ्ठपणाच्या खुणा जनुकांच्या नियमनात शिल्लक दिसल्या, आणि असे उंदीर पुन्हा मेदयुक्त खाद्यावर घातले की जास्त वेगाने जाड झाले. मेदपेशी लवकर बदलतही नाहीत. माणसात वर्षाला सुमारे दहा टक्केच नव्या येतात. सेमाग्लुटाइड हे वजन उतरवणारं औषध २०२१ मध्ये अमेरिकेत लठ्ठपणावर मंजूर झालं. त्याच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, आणि औषध थांबवलेल्यांचा वर्षभर पाठपुरावा केला तेव्हा उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश परत आलेलं होतं. जगभर लाखो माणसं आज वजन उतरवताहेत आणि उद्या त्यातल्या अनेकांचं परत येणार आहे. का येतं, हे प्रथिनांच्या पातळीवर पाहायची वेळ आत्ताच आहे. नेमका तोच टप्पा आपण ‘पुनरावृत्ती’ म्हणून खोडलात. वजन परत आल्यावर लोक माझ्या इच्छाशक्तीबद्दल बोलले. माझ्या मेदपेशींबद्दल बोलायला कोणाकडे काही नव्हतं. असावं, एवढीच अपेक्षा आहे.

पैसे मर्यादित आहेत, मान्य. मग कुठे कापायचं ते मी सुचवते. तीन संशोधन गटांना तेच तेच एकाच वेळचे अभ्यास वेगवेगळ्या नावांनी मंजूर करण्यापेक्षा एकच मोठा, काळाच्या ओघातला अभ्यास करा आणि नमुने तिघांना वाटा. नवं मास स्पेक्ट्रोमीटर घेण्याआधी जुन्याच्या देखभालीचा करार आणि ते चालवणाऱ्या माणसाचा पगार पक्का करा. चकचकीत यंत्र दुरुस्तीविना झाकून ठेवलेलं कोणी पाहिलं नाही, असं निदान प्रयोगशाळेतल्या माणसांना सांगू नका.

आमच्या मागण्या अशा:

१. मोजणी किमान पाच वेळा मंजूर करावी: पहिल्या आठवड्यात, त्यानंतर दोन टप्प्यांवर, बाराव्या आठवड्यानंतर, आणि वजन उतरवल्यावर.

२. शुद्ध घटकांचं, साखरेचं प्रमाण जुळवलेलं कंट्रोल खाद्य हा खर्च अनिवार्य धरावा. ज्या प्रस्तावात ते नसेल तो परत पाठवावा.

३. ‘आरएनए समतुल्य’ हे वाक्य काढावं. दोन्ही मोजायची मुभा असावी, आणि इन्सुलिनशी संबंधित प्रश्नांत फॉस्फेट बसलेल्या प्रथिनांची मोजणी मंजूर असावी.

४. नर आणि मादी दोन्ही. गटातली संख्या समितीने ठरवू नये, ती आधी केलेल्या गणितावरून ठरावी आणि पिंजरे वेगवेगळे असावेत.

५. नमुने यंत्राला लावण्याचा क्रम सोडत काढून ठरवावा आणि तो जाहीर करावा. सगळे कंट्रोल एका दिवशी आणि सगळे लठ्ठ दुसऱ्या दिवशी लावले तर निकाल दिवसांचा येतो. कच्च्या फायली प्राइडसारख्या, प्रथिनांच्या मोजणीची माहिती ठेवणाऱ्या खुल्या भांडारात ठेवल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. ही अट आमच्यावरही बसेल, बसू द्या.

६. पुढच्या बैठकीत उंदरांच्या पिंजऱ्याशी आणि यंत्राशी रोज काम करणाऱ्या किमान एका व्यक्तीला बोलायला बोलवावं. लठ्ठपणासह जगणाऱ्या एकाला तरी.

या मागण्यांपैकी जी मान्य नसेल तिच्यापुढे कारण लिहून द्यावं. ‘नोंद घेण्यात आली’ हे कारण नव्हे.

तारखेचं एक सांगून थांबते. आमच्याकडे आत्ता जी पिल्लं आईपासून वेगळी केली आहेत, ती सहा आठवड्यांची झाली की खाद्य सुरू करावं लागतं. तेव्हाच्या वजनावर पुढचं सगळं अवलंबून असतं. त्याआधी उत्तर आलं तर हा अभ्यास नीट सुरू करता येईल. नाही आलं तर परिपत्रकाप्रमाणे सुरू करायला मला सांगितलं जाईल, आणि त्या वेळी नोंदवहीत कंट्रोल खाद्याच्या रकान्यात काय घातलं ते मी स्पष्ट लिहीन.

कळावे,

आपली,
प्रयोगशाळेतली एक सहायक